चिखल

पाती लासेने घंटा कोरली सागाच्या तुकड्यातून.
तो ओंडका थाझिननेच ओढत नेऊन नदीत लोटला होता.
आठ दिवस तासत होता. मधेच कानाशी धरायचा,
टिचकी मारायचा, मान हलवायचा:
ही तर म्या टिनच्या हत्तीची झाली.
पुन्हा तासणी.
छावणीत एकोणीस हत्ती, एकोणीस आवाज.
दोन सारखे निघाले
तर पहाटे दोन माणसं एकाच डोंगरावर.

मी बारा वर्षांचा, तिच्या पायाशी राबणारा पोऱ्या.
ओढ्यात तिला बसवायचं, वेलीच्या सालीने पाठ घासायची,
अंधार पडायच्या आत सोडून द्यायचं.
दिवसा ती सरकारची, रात्री स्वतःची.
पुढच्या पायांत सैल साखळी, गळ्यात घंटा,
आणि समोर अख्खा बगो योमा.

काका तोंडाने कमीच शिकवायचा.
पुढच्या पायाच्या ठशाभोवती दोरी फिरव,
दोन वेढे म्हणजे तिची खांद्यापर्यंतची उंची.
लीद फोडून बघ.
बांबूचे धागे बोटाएवढे लांब निघाले
तर शेवटच्या दाढा झिजत आल्यात.
सहा वेळा येतात त्यांना दाढा, सातव्यांदा नाही.
मग भरल्या रानात उपास.

एका पहाटे कान देऊन बसलो, आणि काहीच नाही.
दुपारी सापडली, दॉ न्योच्या केळीच्या बागेत,
सोंडेत अर्धा बुंधा, डोळे साधूचे.
घंटेत ओला चिखल ठासून भरलेला,
गवंड्याने लिंपावा तसा.
दॉ न्यो चाळीस झाडांचे पैसे मागत होती
आणि पाती हसत होता. इतका हसताना
मी त्याला नंतर पाहिला नाही.

पुढे वरून हुकूम आला, तोड बंद.
झाडं उभी राहिली, हत्तीही नुसते उभे राहिले.
म्या टिनचा गेला पाहुण्यांच्या छावणीत, दिवसभर ऊस खायला.
थाझिनचं पिल्लू तेव्हा दोन वर्षांचं.
वहीत त्याच्या बापाच्या रकान्यात एकच शब्द: जंगली.

तो जंगली आम्हाला मे महिन्यात दिसला.
सुळे नव्हतेच त्याला, म्हणून हा तरी म्हातारा होईल
असं सगळे म्हणायचे.
सुळ्यांसाठी कोणी आलंच नव्हतं.
कातडं नेलं होतं, पाठीचं, कुशीचं,
पायांचंसुद्धा, घोट्यापर्यंत.
म्हणे त्याचे मणी करतात.

थाझिन जवळ गेली. सोंड लावली नाही.
उलटी वळली, आणि मागच्या पायाने त्याला शिवली,
हळू,
झोपलेल्याचं पांघरूण चाचपावं तशी.
बराच वेळ पाय तिथेच.
साखळी माझ्या हातात होती, मी ओढली नाही.

त्या संध्याकाळी काका ओढ्यात उतरला,
ओंजळभर चिखल घेऊन आला.
कान काय आपल्यालाच आहेत, म्हणाला.
जी घंटा आठ दिवस कोरली
ती त्याने दोन मिनिटांत बुजवली.
थाझिनने त्याचा हात हुंगला, मनगटापासून बोटांपर्यंत,
आणि निघून गेली.
तिच्या जाण्याचा पहिल्यांदाच आवाज नव्हता.

आता पातीला ऐकू येत नाही. शोधायला मी जातो,
ठसे, मोडलेल्या फांद्या, झाडाला घासलेली ओली माती.
लिदेतले धागे यंदा लांब निघालेत.
घरी मी हे सांगितलेलं नाही.

उन्हाळ्यात चिखल वाळतो, भेगाळतो, गळतो,
आणि एखाद्या पहाटे डोंगरापलीकडून
टोक.
एकदाच.
मी हातातला चहा टाकून ओढ्याकडे पळतो,
ओल्या मुठी घेऊन चढण चढतो.
कधीकधी पोचतो तर घंटा
आधीच भरलेली असते.

म्हणजे खाली कुणाची तरी केळी गेली.